लेकीने विठ्ठलावर प्रोजेक्ट केला म्हणून फॉर्म अडवताय?

रामकृष्णहरी माउली. तुमचं पत्र वाचलं. मुलगी टीवायबीएला, इतिहास, ७१ टक्के, पुढे धर्मांच्या तौलनिक अभ्यासात एमए करायचंय, आणि तुम्ही विचारताय यात स्कोप काय. पण खरं सांगू का, चार पानांच्या पत्रात नोकरीवर दीड ओळ आहे, बाकी सगळा राग एकाच गोष्टीचा, की तिने प्रोजेक्टमध्ये विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव असावा असं लिहिलं आणि घरात तर तीन पिढ्यांची माळ. म्हणून अट घातलीत, देव्हाऱ्यासमोर शपथ घे की हरिपाठ सोडणार नाही, मगच एमएच्या फॉर्मचे पैसे. वर धाकट्याला सांगितलंत, ताईच्या मोबाईलवर लक्ष ठेव.

मार्कांचं राहू द्या, मला हे वाचून धस्स झालं. शपथ घालून म्हणवलेला हरिपाठ कुणाच्या कामाचा हो? ती हो म्हणेल, पैसे घेईल आणि घरात मनातलं बोलायचं बंद करेल, एवढंच तुमच्या हाती लागेल. आणि भावाला बहिणीवर पाळत ठेवायला लावणं आजच्या आज थांबवा, ही विनंती नाहीये.

आता ते तुमचं 'धर्म शिकणारे शेवटी नास्तिक होतात'. अहो, विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं ते संशोधक रा. चिं. ढेऱ्यांनी, त्यावरच्याच त्यांच्या पुस्तकाला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पंढरीची वाट काही ओस पडली नाही. इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या, त्या स्वतः दिंडीत चालल्या, जातीप्रमाणे पंगती वेगळ्या बसतात तेही लिहिलं आणि वाटेवर मिळालेली माया पण लिहिली. वर्गात देव आहे की नाही याचा निकाल लावत नाहीत, माणसं काय मानतात, कधीपासून, कशी, ते बघतात. एकाच दिंडीत कुणी वडिलांचा नेम म्हणून चालतो, कुणाला खरोखर भेटीची ओढ, एखादी बाई म्हणते वर्षातनं तेवढंच घराबाहेर पडायला मिळतं. यातली खरी वारकरी कोण ते ठरवायचं काम अभ्यासकाचं नाही, आणि माफ करा, तुमचंही नाही. तुकोबा तर भांडता भांडता माझ्या लेखी देव मेला इथपर्यंत गेले, आणि त्याच गाथेचं तुम्ही पारायण करता.

रस्ता सरळ आहे, एमए, मग नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, त्यात हा विषय स्वतंत्र आहे. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म अभ्यासाचा विभाग १९६७ पासून आहे, पुण्यात पाली विभाग आहे. प्राध्यापकीच्या जागा मात्र फार थोड्या, हे तिने आत्ताच समजून घ्यावं.

आणि तिलाही एक ऐकवतो. ७१ टक्क्यांनी काही अडणार नाही, भाषेने अडेल. नुसत्या मराठी-इंग्रजी पुस्तकांवर या विषयात कुणी फार लांब जात नाही, संस्कृत किंवा पाली यातली एक धरायची आणि मोडी लिपी या सुट्टीतच सुरू करायची, कारण मोडी पोटालाही लागते, २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यात शोधावी लागली होती.