पिकनिक झाली, अभ्यास कुठं झाला? : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं आणि मेसेज बरेच आलेत आणि त्यातले बहुतेक मुलांना घरीच शिकवणाऱ्यांचे आहेत, तेही सगळे आपल्या सांगली-मिरज-तासगाव भागातले, म्हणून म्हटलं या महिन्यात हाच विषय घेऊ.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही विश्रामबागला राहतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. जूनपासून दोघांना घरीच शिकवतोय. सुरुवातीला शाळेसारखं टाइमटेबल करून भिंतीला चिकटवलं, ते पंधरा दिवसांत बारगळलं. मग ठरवलं की बाहेर नेऊनच शिकवायचं. दर रविवारी कुठं ना कुठं जातो, सागरेश्वर झालं, दंडोबा झाला, औदुंबर झालं, नरसोबाची वाडी झाली. पण पोरं हरणं बघतात, भडंग खातात, येताना गाडीत झोपतात आणि दुसऱ्या दिवशी काय शिकलात विचारलं की "मजा आली" एवढंच. सासूबाई म्हणतात शाळा सोडून नुसतं उंडारणं चाललंय. नियोजन कसं करू? (एक आई)

उत्तर : अगं, पहिलं म्हणजे ते दुसऱ्या दिवशीचं "काय शिकलात" बंद कर बघू. लग्नाहून आल्यावर तुला कुणी विचारलं काय शिकलीस तर तू तरी काय सांगशील. पोरं बोलतात, पण तीन-चार दिवसांनी, जेवताना, भलत्याच विषयावरून, आणि तेव्हा आपण कान देऊन असायला पाहिजे एवढंच.

दुसरं, रविवार सोड. घरी शिकवायचा सगळ्यात मोठा फायदा हा की मंगळवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही मोकळे असता, आणि नेमकं ते सोडून तुम्ही सगळं गाव बाहेर पडतं त्याच दिवशी पडताय. रविवारी वाडीला रांगेत उभं राहण्यातच अर्धा दिवस जातो, कुणाला काही विचारायला जावं तर त्याला मान वर करायला वेळ नसतो. मंगळवारी तोच माणूस खुर्ची देतो, चहा विचारतो आणि पोरांना हातात घेऊन दाखवतो.

आणि एवढ्या जागा कशाला गं? माझं मत विचारशील तर जवळची एकच जागा धरायची आणि तिथं वर्षभर जात राहायचं. सांगलीत राहून नदी सोडून बाकी सगळं बघताय याचंच मला नवल वाटलं. कृष्णेवरचा आयर्विन पूल घे. १९२९ सालचा पूल, रोजच्या येण्याजाण्यातला, त्यामुळं कुणी थांबून बघत नाही. तिथं पाण्याची पातळी फुटात मोजतात, ४० फूट झालं की इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, २०१९ च्या महापुरात ५७ च्या वर गेलं होतं. पावसाळ्यात हा आकडा रोज पेपरला येतो. मुलीला एक वही दे, तारीख आणि पाणी किती फूट किती इंच, एवढंच लिहायचं, आणि महिना झाला की चौकटीच्या कागदावर आलेख काढायचा. यात गंमत अशी की फूट-इंचाचा हिशोब दहाचा नसतो, बाराचा असतो. ३९ फूट ११ इंचावर दोन इंच पाणी चढलं तर किती? बहुतेक पोरं ३९ फूट १३ इंच म्हणून मोकळी होतात. मग टेप समोर ठेवायची, आपण सांगायचं नाही, तिची ती बघेल. एकदा हे डोक्यात बसलं की तास-मिनिटं, डझन, वर्ष-महिने सगळं त्याच वाटेनं जातं.

मग पुढचा धागा कोयना धरणाचा, तिथून सोडलेलं पाणी कृष्णेतून आपल्याकडंच येतं. बातमीत रोज येतं, धरणातून इतके क्युसेक विसर्ग, इतके टीएमसी साठा, आणि आपण मोठी माणसं पण मान डोलवतो, कळत काही नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. मुलाला न्हाणीघरातल्या बादल्या मोजायला लाव, मग त्याला कळतंय सेकंदाला किती बादल्या झाल्या. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आता मुलीला कॅल्क्युलेटर देऊन विचार, सेकंदाला किती घनफूट पाणी चोवीस तास सोडलं म्हणजे एक टीएमसी होईल? दिवसाचे ८६,४०० सेकंद, भागाकार केला की ११,५७४ च्या आसपास येतंय. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे या वेगानं नुसतं सोडत राहिलं आणि वरून थेंबही आला नाही तर धरण रिकामं व्हायला साडेतीन महिने. नऊ वर्षांच्या पोरीला हे जमतं, फक्त तिला तो आकडा तिच्या नदीचा आहे हे माहीत पाहिजे. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची वेळ एका रकान्यात आणि आयर्विनला पाणी चढल्याची वेळ दुसऱ्या रकान्यात लिहीत गेली की पाण्याला इथवर यायला किती वेळ लागतो ते तिचं तीच काढेल, तू उत्तर शोधून देऊ नकोस.

दिवाळीनंतर पाणी उतरलं की हरिपूरला जा, संगमेश्वराच्या देवळाकडं, तिथं कृष्णेला वारणा मिळते. आता प्रश्न असा की वारणा आयर्विनच्या खालच्या अंगाला मिळते, मग वारणेला पूर आला की वर सांगलीत पाणी का तुंबतं? जेवढ्यांना विचारशील तेवढी उत्तरं मिळतील, सगळी लिहून घ्यायची. मग घरी मोरीत दोन पाइप एकाच नळीत सोडून बघायचं, मोरीचा सत्यानाश होईल पण होऊ दे. आणि हो, पूर असताना पोरांना घेऊन नदीवर अजिबात जायचं नाही, तेव्हा पेपरचा आकडा पुरतो. पूर बघायला जाऊन सेल्फी काढणाऱ्यांबद्दल मी इथं काही लिहीत नाही, संपादक कापतील.

हरिपूरलाच पेवांची चौकशी कर. जमिनीत खोल खड्डे करून त्यात हळद साठवायची पद्धत, तोंड बंद केलं की बाहेरची हवा आत जात नाही, त्यामुळं कीड जगत नाही. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली, तरी माहिती सांगणारी माणसं आहेत. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आधी बराच वेळ उघडं ठेवतात आणि पेटता कंदील खाली सोडून बघतात, तो विझला तर माणूस उतरत नाही. का, हे सहा वर्षांच्या मुलाला पण विचारायचं, आणि घरी मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून दाखवायचं (आपण समोर असताना). हळदीचं पाणी करून त्यात चुना टाकला की लाल होतं, लिंबू पिळलं की परत पिवळं, हा प्रयोग तर स्वयंपाकघरातच होतो आणि ओट्यावरचे डाग आठवडाभर जात नाहीत, ते धरून चाल.

नियोजन विचारलंयस म्हणून सांगते, सकाळचा दीड तास घरी वाचन आणि गणित, ते काहीही झालं तरी चुकवायचं नाही. आठवड्यात एक दिवस बाहेर, जवळच, दुपारच्या जेवणाला घरी परत. लांबची ट्रिप महिन्यातून एक पुरे. आणि एक दिवस पूर्ण रिकामा, त्यात काहीही घालायचं नाही, घालावंसं वाटलं तरी. जायच्या आदल्या रात्री पोरांनी एकच प्रश्न ठरवायचा, कागदावर मोठ्या अक्षरात, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच एका प्रश्नामागं लागायचं, बाकीचं आपोआप दिसतंय. पिशवीत वही, पेन्सिल (पेन नको, पाणी लागलं की फुटतं), शिंप्याकडची टेप, पाणी, दशम्या. तेवढं बास, नाहीतर अर्धी बायकामंडळी निम्मं घर घेऊन निघतात.

राहिल्या सासूबाई. त्यांना घरी ठेवून जाऊ नका, बरोबर न्या. त्यांनी २००५ चा आणि २०१९ चा पूर बघितलाय, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, सामान कुठं हलवलं, किती दिवस लाइट नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? मुलीनं त्यांना विचारायचं आणि त्यांच्या शब्दांत लिहून घ्यायचं. उंडारणं म्हणायचं आपोआप कमी होईल, कारण मग त्यात त्या पण आल्या.

प्रश्न : मी तासगावचा, वय सत्तर. सून नातवाला घरीच शिकवते. मला ते पटलेलं नाही पण वाद घालत नाही. माझी काळजी एवढीच की उद्या दहावीचं काय, आणि मधेच शाळेत घालावंसं वाटलं तर घेतील का? नातू माझ्या मागं मागं बेदाण्याच्या शेडवर असतो दिवसभर. (एक आजोबा)

उत्तर : काका, नमस्कार. पटलेलं नसताना वाद घालत नाही हे वाचूनच बरं वाटलं. शाळेचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तरतूद आहे की सहा वर्षांच्या पुढचं जे मूल शाळेत गेलेलं नाही त्याला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात घ्यायचं. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, एनआयओएस म्हणतात ते, तिथं वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं आणि मराठी माध्यम पण आहे. त्याच्या आधीचे टप्पे पण आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. राज्याचं वेगळं मुक्त विद्यालय मंडळ आहे. आणि आपला जुना १७ नंबरचा फॉर्म तुम्हाला माहीत असेलच, खासगीरीत्या दहावीला बसायचा. नातू आधी शाळेत गेला असेल तर शाळा सोडल्याचा दाखला लॅमिनेशन न करता फाइलमध्ये जपून ठेवा, तो पुढं लागतोच. नियम अधूनमधून बदलतात म्हणून फॉर्म भरायच्या वर्षी एकदा चौकशी करायला सुनेला सांगा.

पण मला तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य जास्त आवडलं. अहो, शेडवर असतो म्हणजे तो शाळेतच आहे की! त्याला तागडी द्या. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो, मग बाकीचे तीन किलो गेले कुठं? एका जाळीवरचा थोडा माल वेगळा मोजायला सांगा, रोज त्याच वेळी वजन करायचं आणि लिहायचं. पहिले काही दिवस वजन भराभर उतरतंय, मग हळू, आणि ढगाळ हवा आली की जवळजवळ थांबतंय, हे त्याला स्वतःच्या आकड्यात दिसू दे. टक्केवारी शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. डिपिंगचं (द्राक्षं बुडवायचं, रसायन घातलेलं) पाणी आणि गंधकाची धुरी मात्र लांबून दाखवा, हात लावू देऊ नका. भाव, दलाली, मजुरी याचा हिशोब तुम्ही तोंडी करता तो त्याच्यासमोर मोठ्यानं करा. सुनेला सांगा आठवड्यातले दोन दिवस माझे, आणि मग काय शिकवलंत हे तिनं विचारलं तर चिडू नका.

प्रश्न : मिरजेत राहतो, शिफ्टची नोकरी, एकच टू-व्हीलर. फिरण्यातून शिक्षण वगैरे वाचायला छान, पण पैसे आणि वेळ कुठून आणायचा? मुलगा दहा वर्षांचा. (एक बाबा)

उत्तर : मिरजेत राहून हा प्रश्न? चालत जा. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत जायला पेट्रोल लागत नाही. शिकलगार म्हणजे हत्यारं करणारी माणसं, हत्यारांचे दिवस सरत आले तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यातले काही तंतुवाद्यांकडं वळले, तिथून मिरजेचं हे काम सुरू झालं. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात, ते वाळवून, आतून कोरून, मग त्यावर लाकूड बसवतात. जाताना मुलाला म्हणा की एकच गोष्ट बघायची, जवारी. तारा ज्या छोट्या पट्टीवरून जातात तिचा माथा कानसेनं अगदी केसभर घासतात, वाजवून बघतात, परत घासतात, आणि तारेचा आवाज बोदा असलेला हळूहळू झंकारायला लागतो. कारागीर कशावरून थांबतो ते त्याला विचारू दे. आधी फोन करून किंवा जाऊन वेळ विचारून ठेवा, कामाच्या गर्दीत जाऊन उभं राहू नका, आणि दोन पोरांपेक्षा जास्त नेऊ नका. घरी आल्यावर डब्याला रबरबँड ताणून लावा, खाली पेन्सिल सरकवत न्या, आवाज कधी चढतो कधी उतरतो ते बघायचं. आवाजाचा धडा पुस्तकातून नंतर वाचला तरी चालतंय.

शिफ्टचं म्हणाल तर रात्रपाळीनंतर तुम्ही मुलाला कुठंही नेऊ नका, झोपा. सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात सकाळ तुमची असते, तेव्हा जायचं. नाहीतर स्टेशनवर प्लॅटफॉर्म तिकीट काढून तासभर बसा. मिरज जंक्शन आहे, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी बाजूंच्या गाड्या, बोर्डावर वेळ चोवीस तासांची, १७:४० म्हणजे किती आणि गाडी पन्नास मिनिटं लेट तर कधी येणार, नकाशा समोर ठेवून कुठून कुठं चाललीय. उशीर तर रेल्वे फुकट पुरवते.

प्रश्न : बाहेर नेताना मुलांच्या हातात मोबाईल द्यावा का? फोटो काढू देत म्हणून देते, पण मग फोटोच काढत बसतात. (सांगलीवाडी)

उत्तर : देऊ नका. फोटो तुम्ही काढा, तेही निघताना चार-पाच, आणि महिन्यातून एकदा त्यातले दोन-तीन प्रिंट करून वहीत चिकटवायला द्या. जागेवर पोरांनी चित्र काढायचं, वाकडं आलं तरी. पुलाचं चित्र काढायला बसलं पोरगं की त्याला कमानी मोजाव्याच लागतात, फोटोत त्या न मोजताच येऊन बसतात.