तिकिटात न दिसणाऱ्या बायका

प्रिय मुली,

गोवंडी-मानखुर्दच्या बसमार्गांचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. तिकिटांचे आकडे तू बघशीलच. त्याआधी एकदा पहाटे साडेपाचला लल्लूभाई कंपाउंडच्या थांब्यावर जाऊन उभी राहा. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेली कितीतरी कुटुंबं तिथे आणून वसवली आहेत. घर हललं, काम मात्र अनेकांचं होतं तिथेच राहिलं.

तिकिटाच्या मशीनला फक्त चढलेला माणूस कळतो. वाट बघून कंटाळून चालत निघालेली बाई त्यात नसते. माझी चूक इथेच झाली. मी नोकरीला होतो त्या शहरात, एका वस्तीच्या मार्गावर दुपारी बस रिकामी धावते म्हणून मी दोन फेऱ्या काढून टाकल्या. महिन्याभराने तिकडे गेलो, तर धुणीभांडी उरकलेल्या बायका डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात चालत येत होत्या. एकीच्या हातात स्टीलचा डबा होता. तिने एवढंच विचारलं, "साहेब, दीडची गाडी कधी चालू होणार?" त्या गाडीला सात-आठ जणीच असायच्या, पण त्यांचा अख्खा दिवस तिच्यावर बेतलेला. ती परत सुरू करायला मला चार महिने लागले. तोवर दोघींची संध्याकाळची घरं सुटली होती.

भाड्याचा हिशेब एका तिकिटाचा नको, महिन्याचा कर. मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. ऐकायला पाचच रुपये. पण जिला जाताना दोन आणि येताना दोन बस लागतात, तिचे २६ दिवसांचे ५२० रुपये कमीत कमी १०४० झाले. पास काढावा म्हणशील, तर त्याचे पैसे एकरकमी मोजावे लागतात. घरकामाचा पगार चार घरांतून चार तारखांना येतो. म्हणून बस बदलली तरी तासा-दीड तासात तेच तिकीट चालावं, हा आग्रह अजिबात सोडू नकोस.

अ‍ॅप, चकचकीत थांबे नंतर. आधी वेळेवर येणारी बस.

आणि बैठकीत कुणी 'तोट्यातला मार्ग' म्हणालं, की शेवटची बस किती वाजता सुटते आणि हॉस्पिटलातली सफाईची पाळी किती वाजता संपते, हे दोन्ही विचार. कंडक्टरांना हे तोंडपाठ असतं. डेपोत चहाच्या वेळेला जा, ते बोलतात.

थांब्यावर काय दिसलं ते सविस्तर कळव. वाट बघतो.