रायगडाच्या महादरवाजाचे बुरूज एवढे पुढे का, आणि दिवाळीच्या किल्ल्यात तो कसा करावा?

तुम्ही विचारलंय की रायगडाचा महादरवाजा खालून दिसत का नाही, आणि मुलाच्या दिवाळीच्या किल्ल्यात तो कशाचा करावा. पहिल्या प्रश्नावर आमच्या शहापुरात, म्हणजे बेळगावच्या शहापुरात, गल्लीभर भांडण झालंय, म्हणून लिहितोय.

आमच्या पोरांनी एका दिवाळीला रायगड केला. लाल माती, दगड, पोती, वर हळीव पेरलेला. महादरवाजा त्यांनी दोन बुरुजांच्या आत, वळणावर बसवला. एक बुरूज दुसऱ्यापेक्षा थोडा उंच, कारण मूळचे बुरूज साधारण 75 आणि 65 फुटांचे आहेत. बुरुजावर काडीनं तिरक्या जंग्या, म्हणजे आतून मारा करायची भोकं, पाडल्या, कमानीच्या दोन्ही अंगांना बोटानं कमळं काढली. पोरं रात्री बल्ब धरून बसली होती. स्पर्धेचे परीक्षक आले, समोर उभे राहिले आणि म्हणाले, "दरवाजाच दिसत नाही की रे, मार्क कशाला देऊ?" शेजारच्या गल्लीनं कमान समोर रंगवून ठेवली होती, नंबर त्यांचा आला. मी तिथंच म्हटलं, साहेब, दिसत नाही म्हणूनच तो महादरवाजा आहे. ऐकलं नाही.

अहो, हिरोजी इंदुलकरांनी तो बांधलाच तसा. याला गोमुखी रचना म्हणतात. दोन बुरूज पुढे येऊन कमानीला पोटात घेतात. वाट बुरुजाला वळसा घालून आत शिरते, त्यामुळे लांबून तोफ डागली तरी गोळा थेट फळीवर बसत नाही. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला किंवा ओंडका घेऊन पळायला सरळ जागाच उरत नाही. शत्रू त्या बोळात आला की दोन्ही बुरुजांवरून आणि तटावरून मारा सुरू. जंग्या तिरक्या असतात त्या खाली उभ्या माणसाला टिपण्यासाठी. दारातून आत गेलं की देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्या.

1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी गड घेतला, तोही या दाराशी झुंजून नव्हे. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवून वरचे वाडे पेटवले. बुरुजांचं काम चोख होतं याला याहून मोठा पुरावा कुठला हवा?

तेव्हा मुलाला सांगा, कमान समोर ठेवू नकोस. बघायला येणाऱ्यानं वाकून, वळसा घालून बघावं. एखादा परीक्षक नावं ठेवत असेल तर ठेवू दे, त्यानं गड चढून यावा. कमळं मात्र विसरू नका.

हे सगळ्या किल्ल्यांना लागू करू नका. आमच्या बेळगावचा भुईकोट सपाटीवर, सगळा भरवसा खंदकावर. तो करायचा तर खंदक आधी खणा. कशाचा करावा म्हणाल तर माती आणि दगड, थर्माकोल नको. ओल्या मातीचा उंच बुरूज फुटतो, म्हणून आत विटेचा तुकडा घाला आणि एक रात्र सुकू द्या.