कॉमन सेन्स म्हणजे सामान्यज्ञान का? आणि हा शब्द आला कुठून?

तुम्ही विचारलंय की कॉमन सेन्स म्हणजे नक्की काय, शब्द कुठून आला आणि सामान्यज्ञान म्हणजे तेच का. शेवटचं आधी सांगते, तेच नाही. कुठल्या देशाची राजधानी कुठली हे सामान्यज्ञान, पाठ केलं की येतं. ओल्या हाताने प्लगला हात लावू नये, घरात कोणी गेलंय तिथे उधारीचा विषय काढू नये, हा कॉमन सेन्स, याची परीक्षा कोणी कागदावर घेत नाही.

आता शब्दाचं मूळ. हे मला फार आवडतं कारण त्यातल्या 'कॉमन'चा अर्थ सुरुवातीला वेगळाच होता. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलला प्रश्न पडला की डोळ्याला फक्त रंग कळतो आणि जिभेला फक्त चव, मग हे पांढरं आणि हे गोड, दोन्ही वेगळं आहे हे ओळखतं कोण? चमचाभर साखर घ्या. डोळा म्हणतो पांढरी, जीभ म्हणते गोड, पण डोळ्याला गोडी ठाऊक नाही आणि जिभेला रंग, तरी आपल्याला एकच साखर कळते. म्हणजे पाचही इंद्रियांची खबर जिथे एकत्र होते अशी काहीतरी शक्ती आत हवी, तिला ग्रीकमधे 'कोइने आइस्थेसिस' म्हणतात, लॅटिनमधे 'सेन्सस कम्युनिस', आणि त्यावरून इंग्रजीत कॉमन सेन्स. सगळ्या माणसांत कॉमन नाही, पाच इंद्रियांत कॉमन! यात गफलत कशी होते तेही त्याने सांगितलंय, पित्त पिवळं आणि कडू असतं, म्हणून नुसतं पिवळं दिसलं तरी माणूस त्याला पित्तच समजतो. पुढे इब्न सिना या पर्शियन वैद्य-तत्त्वज्ञाने या शक्तीची जागा मेंदूच्या पुढच्या भागात सांगितली, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने मेंदूतल्या पिनियल नावाच्या छोट्याशा ग्रंथीत.

आपण आज वापरतो तो अर्थ मात्र रोमन लोकांच्या जास्त जवळचा आहे. सिसेरो, सेनेका वगैरे मंडळी हाच लॅटिन शब्द चार माणसांत वावरताना लागणारी समज अशा अर्थाने वापरायची. मग 1764 मधे स्कॉटलंडच्या थॉमस रीडने त्यावर अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं, की समोरची वस्तू खरंच आहे, काल होतो तोच मी आज आहे, असल्या गोष्टी सिद्ध करत बसायच्या नसतात, त्या धरूनच पुढचा विचार होतो. आणि 1776 मधे थॉमस पेनने अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लिहिलेल्या पत्रकाचं नावच 'कॉमन सेन्स', एका बेटाने, म्हणजे ब्रिटनने, अख्ख्या खंडावर कायम राज्य करावं हे कुणालाही पटेल का, असा त्याचा सूर.

मला हा शब्द खरा कळला तो पहिल्या नोकरीत. रात्री शेवटची निघणारी मी, 'जाताना सगळं बंद कर' असं सांगितलेलं, मी सगळे स्विच बंद केले, त्यात लाल टेप लावलेला एक होता तोही. सकाळी कळलं की तो सर्व्हरचा होता आणि तो कधीच बंद करत नाहीत. सगळ्यांसमोर ऐकून घेतलं, 'एवढा कॉमन सेन्स नाही?' मला आजही वाटतं ते चूक होतं, कारण त्या टेपचा अर्थ तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना कॉमन होता, मला कोणी सांगितलाच नव्हता. वाक्य तोंडातून जाण्याआधी समोरच्याला हे कळायला वाव होता का एवढं तरी बघावं ना.

आणि हे न सांगितलेलं ज्ञान किती अफाट असतं ते कॉम्प्युटरवाल्यांना विचारा. डग्लस लेनाट यांनी 1984 मधे साइक नावाचा प्रकल्प सुरू केला, मशीनला रोजच्या साध्या गोष्टी एकेक करून लिहून शिकवायच्या म्हणून, भरलेला ग्लास उलटा केला की पाणी सांडतं या थराच्या, ते काम दशकानुदशकं चाललं.

मराठीत एकच शब्द हवा असेल तर मी तारतम्य म्हणेन, कुठे काय आणि किती हे त्यात येतं. चार माणसांत कसं वागावं एवढ्यापुरतं असेल तर पाचपोच. अक्कल पण चालेल, तो अरबीतून आलेला, त्याच्या मुळाशी बांधून ठेवणं, आवरणं असा अर्थ आहे, उंटाचा पाय बांधायच्या दोरीचा शब्दही त्याच धातूतला. फक्त सामान्यज्ञान म्हणू नका, ते जनरल नॉलेज.