बुटांची विचारपूस : आधी तळ बघा

लग्नसराई आणि पावसाळा आला की या सदराकडे पत्रांची रीघ लागते. एका मोसमात लोक चामडी बूट घेतात, दुसऱ्यात घालवून बसतात. नव्या वाचकांसाठी ओळख एवढीच, की तमिळनाडूतल्या आंबूर-राणीपेट पट्ट्यातल्या कारखान्यांत मी युरोपला जाणारे बूट तपासायचं काम करायचो. आता निवृत्त होऊन पुण्यात असतो. माणूस समोर आला की आधी त्याच्या पायांकडे बघायची खोड काही जात नाही. लग्नकार्यात आमच्या सौभाग्यवतींना ते मुळीच आवडत नाही.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी जपून ठेवलेले काळे बूट कपाटातून काढले. आजवर मोजक्याच समारंभांना घातलेले. कार्यालयाच्या पायऱ्या चढतो न चढतो तोच दोन्ही तळांचा भुगा पडायला लागला. व्याह्यांसमोर शोभा झाली. दुकानदार म्हणतो, ‘वापरले नाहीत म्हणून असं झालं.’ हे खरं की टोलवाटोलवी?
*वधूपिता, नाशिक*

दुकानदार अर्धं खरं बोलला. तुमच्या वर्णनावरून तळ पॉलियुरेथेनचा, म्हणजे बाजारात ज्याला ‘पीयू सोल’ म्हणतात तो असणार. हलका, मऊ आणि स्वस्त, म्हणून ऑफिसच्या पुष्कळ बुटांना तोच असतो. त्याची मेख अशी, की हवेतलं बाष्प त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतं. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. ही झीज चालण्याने होत नाही, वर्षं उलटल्याने होते, आणि उष्ण-दमट जागेत लवकर होते. रोज घातलेल्या बुटाचा तळ हे दुखणं बाहेर पडायच्या आतच घासून संपतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. जपून ठेवलेल्याचा मात्र एके दिवशी जुन्या शंकरपाळ्यासारखा चुरा होतो. त्यातून तुम्ही तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला असणार. आपल्याकडे सगळे तसंच ठेवतात. आतला ओलावा मग आतच राहतो.

त्याला आता कुठलाही गोंद लावू नका. चुऱ्याला गोंद धरत नाही. वरचं चामडं चांगलं असेल तर जुना तळ पूर्ण खरवडून रबराचा नवा तळ चिकटवून घ्या आणि कडेने शिलाई मारून घ्या. वरचा भागही नकली असेल तर त्यावर पैसे घालू नका. तपासायचं असेल तर बूट पंज्यापाशी वाकवा. खऱ्या चामड्याला बारीक, विखुरलेल्या सुरकुत्या पडतात. प्लॅस्टिकचा थर दिलेलं असेल तर एकच जाड घडी फुगून वर येते, आणि कालांतराने तिथेच पापुद्रा सुटतो.

पुढच्या वेळी दुकानात बूट हातात घेतला की तो आधी उलटा करा. ‘सोल कशाचा?’ हा पहिला प्रश्न. वर्षातून दोनदा घालायचा बूट असेल तर रबराचा किंवा चामड्याचा तळ घ्या. व्याह्यांचं म्हणाल, तर त्यांच्याही कपाटात असा एखादा जोड असणारच. ते काही बोलायचे नाहीत.

प्रश्न : मी नव्याने वकिली सुरू केली आहे. काळे ऑक्सफर्ड, म्हणजे नाडीचे औपचारिक बूट घेतले. नाडी कितीही ओढली तरी दोन्ही बाजूंमध्ये इंग्रजी ‘व्ही’सारखी फट राहते, आणि संध्याकाळपर्यंत करंगळी बधिर होते. एक नंबर मोठा घेऊ का?
*तरुण वकील, नागपूर*

मोठा नंबर घेऊ नका. शंभरातले नव्वद जण हेच करतात आणि मग टाच सुटते म्हणून आत स्पंज कोंबतात.

ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. तुम्हाला लांबी कमी पडत नाहीये, रुंदी आणि पायाच्या वरच्या कमानीची उंची कमी पडते आहे. इंग्लंडमधले चांगले कारखाने एकाच लांबीत ई, एफ, जी अशा वेगवेगळ्या रुंदीचे बूट करतात. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत नुसता नंबर मिळतो, रुंदी कुणी विचारतही नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरात एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतो, असं त्यात दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची आपली स्वतःची मापपद्धतीही मांडली गेली आहे. ती दुकानांत रुळेल तेव्हा रुळेल, तोवर पाय आपले आणि फर्मा, म्हणजे बूट ज्या साच्यावर घडवतात तो, परक्याचा, हे गृहीत धरून चाला.

ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या पंज्यावरच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात. बूट दिसतो देखणा, पण वरून उघडतो फार थोडा. डर्बी या दुसऱ्या प्रकारात त्याच पट्ट्या पंज्यावरच्या चामड्याच्या वर शिवलेल्या असतात, म्हणून त्या दोन कवाडांसारख्या उघडतात आणि उंच कमानीचा पाय आरामात आत जातो. नव्या ऑक्सफर्डला बोटभर समांतर फट असेल तर काळजी नको. चामडं सैलावलं की ती मिटते. फट वरच्या बाजूला फाकत असेल तर तो बूट तुमचा नव्हे.

कोर्टात काळी, बिननक्षीची डर्बी घाला. डर्बी कमी औपचारिक मानतात हे खरं, पण तो भेद लंडनच्या क्लबात कुणी पाहत असेल. नागपूर खंडपीठासमोर युक्तिवाद बघतात. बूट घ्यायला संध्याकाळी जा, कोर्टातल्या मोज्यांसकट. तुमच्याकडच्या मे महिन्यात पाय दिवसभरात चांगलाच सुजतो. आणि दुकानात उभं राहून घालून बघा, कारण बसल्या पायाला सगळेच बूट येतात.

प्रश्न : काळ्या बुटावर पांढरे मोजे चालतात का?
*पालघर*

गणवेशात सक्तीचे असतील तर. एरवी पँटच्या रंगाचे, पोटरीपर्यंतचे.

प्रश्न : फौजेत आम्ही बुटात तोंड दिसेपर्यंत पॉलिश करायचो. मुलगा बाटलीतलं स्पंजवालं पॉलिश फिरवतो आणि निघतो. वर म्हणतो, ‘चकाकतंय ना?’ त्याला काय सांगू?
*निवृत्त सुभेदार, सातारा*

सुभेदारसाहेब, त्याला सांगा की बाटलीतलं पॉलिश म्हणजे चामड्यावर चढवलेला चकचकीत लेप. घाईच्या वेळी ठीक. रोज फिरवलं तर थरावर थर साचतो आणि बूट वाकतो तिथे तडे जातात.

डबीतल्या पॉलिशमध्ये मेण असतं. चांगल्या पॉलिशमध्ये ब्राझीलच्या ताडवर्गीय झाडाचं कारनौबा मेण येतं, ते फार कडक असतं. त्याबरोबर रंग असतो आणि मेण मऊ ठेवणारं टर्पेंटाइनसारखं द्रावण. डबी उघडी राहिली की द्रावण उडून जातं आणि आतल्या मेणाला भेगा पडतात. तुम्ही पलटणीत वापरलेली किवीची डबी मूळची मेलबर्नची. विल्यम रॅमझी यांनी 1906 मध्ये ती बाजारात आणली आणि बायको न्यूझीलंडची म्हणून डबीवर किवी पक्षी आला. बायकोच्या माहेराचा एवढा मान ठेवणारा दुसरा कारखानदार मला माहीत नाही.

आता तुमच्याविषयी, रागावू नका. आरशासारखी चमक फक्त पुढच्या टोकावर आणि टाचेच्या मागे काढावी. तिथे आतून कडक आधार असतो, चामडं वाकत नाही. पंजा वाकतो तिथे मेणाचे थर चढवले की तेही तडकतात, बाटलीवाल्या थरासारखेच. फौजेत बूट दर काही काळाने बदलून मिळायचे, मुलाला स्वतःच्या खिशातून घ्यावे लागतात. वाकणाऱ्या भागाला पॉलिशच्या आधी रंगहीन क्रीम बोटाने चोळावं. पॉलिश झाल्यावर घोड्याच्या केसांच्या ब्रशने मन लावून घासावं. सुती कापड, मेणाचा पातळ हात आणि पाण्याचा थेंब घेऊन गोल गोल फिरवायची तुमची विद्या टोकासाठी राखून ठेवा, आणि ती त्याला हाताला धरून शिकवा.

प्रश्न : वसईहून चर्चगेटला रोज लोकलने जातो. जून ते सप्टेंबर चामडी बूट कसे टिकवायचे? गेल्या वर्षी आत पांढरी बुरशी आली.
*नोकरदार*

प्रवासात घालू नका. रबरी सँडलवर जा, बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. वसई-विरार पट्ट्यात राहून दुसरा सल्ला देणारा माणूस पावसाळ्यात कधी स्टेशनात उतरलेला नाही.

तरीही भिजले, तर चिखल ओल्या फडक्याने पुसा, आतलं सुटं अस्तर काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासा-दोन तासांनी बदला. बूट आडवे ठेवा, म्हणजे तळालाही वारा लागेल. पंखा चालेल. ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर, गॅसजवळची जागा यांतलं काही नको. ओलं चामडं तापलं की त्यातले तंतू आखडतात, मग ते कडक होऊन चिरतं आणि कुठल्याही क्रीमने पूर्ववत होत नाही. पूर्ण सुकायला दोन दिवस लागले तर लागू द्या. सुकले की क्रीम, नंतर पॉलिश.

बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, नाहीतर तिचे कण कपाटभर पसरतील. मग निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर अशा मिश्रणात फडकं पिळून आतबाहेर पुसा आणि सावलीत वाळवा. आणि एकच जोड सलग घालू नका, मध्ये एक दिवस जाऊ द्या. पाऊस नसला तरी पायाचा घाम असतोच. मुंबईच्या हवेत तो एका रात्रीत सुकत नाही.

प्रश्न : मिस्टरांना ‘गुडइयर वेल्ट’वाले बूट हवे आहेत. किमतीत आमच्याकडे घरातल्या सगळ्यांना चपला येतील! एवढं काय असतं त्यात?
*शिक्षिका, कोल्हापूर*

ताई, तुमच्या गावात राहून हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, उत्तर तुमच्या पायातच आहे.

अस्सल कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, शिलाईसुद्धा चामड्याच्या वादीची. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं, म्हणून ती पायाचा आकार घेते. तळ झिजला तर नवा थर शिवता येतो. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. शिवलेली वस्तू उसवून पुन्हा शिवता येते, हे तुमच्याकडच्या कारागिराला सांगावं लागत नाही.

वेल्टची कल्पना तीच आहे. बुटाचं वरचं चामडं, आतला तळ आणि चामड्याची एक अरुंद पट्टी एकत्र शिवतात. ही पट्टी म्हणजे वेल्ट. बाहेरचा तळ दुसऱ्या शिलाईने फक्त त्या पट्टीला जोडतात, मधल्या पोकळीत बुचाच्या लाकडाचा भुगा भरतात. तळ झिजला की बाहेरची शिलाई उसवायची आणि नवा तळ लावायचा. वरच्या चामड्याला सुई लागतच नाही. हे काम आधी हाताने व्हायचं. 1870 च्या दशकात ते यंत्राने होऊ लागलं. त्या यंत्राला ज्याचं नाव लागलं तो चार्ल्स गुडइयर ज्युनियर, रबर पक्कं करण्याची रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरचा मुलगा. इंग्लंडमधलं नॉर्थॅम्प्टन हे गाव या कामासाठी नावाजलेलं. तिथल्या फुटबॉल संघाचं टोपणनावच ‘कॉब्लर्स’ आहे.

आता तपासनिसाची एक आतली गोष्ट. यंत्राच्या बुटात आतल्या तळाला जी कड असते, ती बहुधा चामड्यातूनच कोरलेली नसते. कापडी पट्टी चिकटवून ती उभी केलेली असते. म्हणून ‘वेल्ट’ हा शब्द ऐकून पूर्ण हाताचं काम समजू नका. तरी नुसत्या चिकटवलेल्या बुटापेक्षा तो किती तरी बरा.

पैसे वसूल कधी? मिस्टर रोज बूट घालत असतील, दोन जोड आलटून पालटून वापरत असतील आणि तळ बदलून देणारा कारागीर हाताशी असेल तर. घेण्याआधी आपल्या नेहमीच्या गटई कामगाराकडे फोटो घेऊन जा आणि विचारा, ‘वेल्ट न कापता तळ काढाल का?’ त्याच्याकडे मेण लावलेला जाड दोरा आणि आरी असेल आणि तो ‘शिवून देतो’ म्हणाला, तर बूट घ्या. तो थेट खिळ्यांच्या डब्याकडे वळला, तर घेऊ नका. आणि तळ रबराचा मागा. चामडी तळ तुमच्याकडच्या पावसात दोन आठवड्यांत कागदासारखा ओला होईल. मिस्टर वर्षातून चारदा लग्नालाच जात असतील, तर घरातल्या सगळ्यांना चपला घ्या. त्या कोल्हापुरीच असू द्या.

प्रश्न : नवे बूट चालताना करकर वाजतात. ऑफिसात सगळे वळून बघतात.
*ठाणे*

करकर वाजणारी वहाण मुद्दाम करून घेणारे शौकीन आपल्याकडे होते, तेव्हा लाजू नका. आवाज कुठून येतो ते आधी शोधा. जिभेवरून येत असेल तर जीभ आणि नाडीच्या पट्ट्या जिथे घासतात तिथे थोडं मेण चोळा. आतून येत असेल तर सुटं अस्तर उचलून खाली टाल्कम पावडर भुरभुरवा. ओलावा असेल तर आधी सुकवा. एवढं करूनही वाजत असेल आणि आवाज पायाच्या मधोमध येत असेल, तर तळाच्या दोन थरांमधली पोलादी पट्टी, म्हणजे शँक, सैल झाली आहे. नवा बूट आहे, पावती घेऊन दुकानात परत द्या.