द्राक्षबागेवर फेसबुकवर लिहितोच आहे, मग स्वतःचा ब्लॉग कशाला?

तासगावात बाग आहे, छाटणी, डाऊनी (केवडा) रोग, बेदाणा यावर फेसबुकवर लिहिता, लोक वाचतात. मग वेगळ्या ब्लॉगचा फायदा काय, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या विषयाला तर तो हवाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

द्राक्षाचे प्रश्न दरवर्षी ठरलेल्या वेळी परत येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी, थंडीत भुरी रोग, उन्हं तापली की बेदाणा. फेसबुकची पोस्ट दोन-तीन दिवसांत खाली जाते आणि गूगलवर सहसा सापडत नाही. ‘बेदाणा डिपिंग प्रमाण’ (वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायच्या द्रावणाचं प्रमाण) असं मार्चमध्ये कुणी शोधलं आणि लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, 15 मिली डिपिंग ऑइल हे तुमच्या पानावर सरळ मिळालं, तर ते पान पुढच्या हंगामातही तेवढंच कामाला येतं. शिवाय मात्रा बदलली तर त्याच पानावर दुरुस्त करून वर तारीख टाकता येते. व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना मजकूर कुणाला थांबवता येत नाही, आणि फवारणीत तो नडतो.

दुसरं म्हणजे पत्ता तुमचा राहतो. ऑर्कुट ही फेसबुकसारखी साइट 2014 मध्ये बंद झाली, गूगल प्लस 2019 मध्ये. तिथल्या लिंक मेल्या त्या मेल्याच.

सुरुवातीला होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, पैसे घालू नका. गूगलची ब्लॉगर ही सेवा फुकट आहे. खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे ब्लॉगच्या स्वतःच्या पत्त्याचा. डोमेन मात्र स्वतःच्या ईमेल आणि मोबाइल नंबरवर घ्या, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नको. तो फोन उचलेनासा झाला की नूतनीकरण अडतं, आणि मुदत टळून काही दिवस गेले की डोमेन सोडवायला नेहमीच्या कितीतरी पट पैसे लागतात. ऑटो-रिन्यू चालू ठेवा. डोमेन जोडताना ब्लॉगर डोमेनच्या सेटिंगमध्ये भरायला दोन सीनेम नोंदी देतो: एक ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी, दुसरी मालकी पडताळायला. बरेचजण पहिलीच भरतात आणि मग एरर का येतो ते कळत नाही. डोमेन तुमचं असलं की उद्या वर्डप्रेससारख्या दुसऱ्या ब्लॉग-सेवेवर गेलात तरी पत्ता तोच. फक्त पानांच्या लिंकची रचना आहे तशी ठेवायची.

मराठीत लिहिताना हमखास एक घोटाळा होतो. शीर्षक देवनागरीत असेल तर ब्लॉगर लिंकमध्ये नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा टाकतो. प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकमध्ये (पोस्टच्या कायमच्या लिंकमध्ये) ‘कस्टम’ निवडून विषय रोमन लिपीत लिहा. नंतर बदललात तर आधी वाटलेल्या लिंक तुटतात. जुनं लिखाण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्या, नाहीतर शोधात ते येणारच नाही. पानावरच्या डागांचे फोटो 1200 पिक्सेल रुंदीला आणून चढवा. मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो शिवारातल्या नेटवर्कवर उघडता उघडत नाही.

जाहिरातींच्या पैशावर हिशेब बांधू नका, मराठी शेतीविषयाला ते फार कमी मिळतात. फायदा ओळखीतून होतो: रोपं, काड्या, बेदाणा यासाठी लोक थेट तुम्हाला विचारतात.

फेसबुकवरचं आत्तापर्यंतचं लिखाण आधी उतरवून घ्या. तिथून माहिती डाउनलोड करताना फाइलच्या प्रकारात जेसन नको, एचटीएमएल निवडा, जेसनमध्ये मराठी अक्षरांची वाट लागते. वर्डप्रेसवर गेलात तर एवढं लक्षात ठेवा, की त्याच्या एक्स्पोर्ट फाइलमध्ये मजकूर येतो, फोटो येत नाहीत. फोटोंचा फोल्डर पेन ड्राइव्हवर वेगळा ठेवा.