रिकामा रकाना रिकामाच ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज वाचला. गुरुवारी स्लॅब भरला तेव्हा तू कॉलेजात व्हायव्हाला होतास. शनिवारी साइटवरच्या सरांनी रजिस्टर पुढ्यात टाकलं आणि म्हणाले, काँक्रीटच्या सगळ्या गाड्यांचे स्लंप, म्हणजे ओला माल किती मिलिमीटर बसतो ते आकडे, भरून टाक, १०० ते ११०च्या दरम्यान काहीही. तू विचारतोस, "मॅडम, इथे सगळेच असं भरतात. मी तर इंटर्न. सर्टिफिकेट त्यांच्याच हातात. काय करू?"

भरू नकोस. जे पाहिलं नाहीस ते लिहू नकोस. हेल्मेट घाल, वेळेवर जा, मोठ्यांशी नीट बोल हे तुला सांगून झालं असणार, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला एकच सांगायचंय आणि ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे.

तो रकाना असतो कशासाठी? ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट आणणारी फिरत्या ड्रमची गाडी, वाटेत अडकून उशिरा येते. माल घट्ट व्हायला लागलेला असतो, पंपवाला आरडाओरडा करतो, आणि कोणीतरी पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडतं. दोन मिनिटांत माल सरसर वाहायला लागतो, सगळे खूश. सिमेंट मात्र होतं तेवढंच आहे, पाणी वाढलंय, म्हणजे ताकद गेली. हे पाणी गाडीबरोबर येणाऱ्या चलनाच्या कागदावर कुठेच दिसत नाही. माल आत जाण्याआधी ते साइटवर पकडायचं साधन म्हणजे तो ३०० मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू. भरायचा, सरळ वर उचलायचा, माल किती बसला ते पट्टीनं मोजायचं. ही मोजणी त्याच वेळी होते. शटरिंगमध्ये गेलेल्या मालाचा स्लंप शनिवारी टेबलाशी बसून कुणालाही काढता येत नाही, सरांनाही नाही.

म्हणजे आज तो रकाना रिकामा आहे, तो काहीतरी सांगतोय: गुरुवारी कोणी मोजलं नाही. तू तिथे १०५ लिहिलंस की ते पुसलं गेलं. उद्या २८ दिवसांचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायला त्याच मालाचे भरलेले ठोकळे, कमी आले, तर कारण शोधणारा माणूस तुझा १०५ बघून म्हणेल, पाण्याचा काही प्रश्न नव्हता, आणि भलतीकडेच शोधत बसेल. "नुसती फॉर्मॅलिटी आहे" असं तू लिहिलंयस ना, ते वाचून मला खरंच राग आला. त्याची फॉर्मॅलिटी आपणच करतो.

क्यूबचंही तसंच. १५० मिलिमीटरचा साचा, पाच-पाच सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थराला १६ मिलिमीटरच्या सळईनं ३५ ठोके. हे एकदा स्वतः कर, मनगट दुखेपर्यंत कर. दुसऱ्या दिवशी साचा उघडून क्यूब टाकीत टाक, त्यावर तारीख आणि जागा रंगानं लिही, आणि २८व्या दिवशी दाबताना समोर उभा राहा. एम २५, म्हणजे चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकदीचं काँक्रीट; तो आकडा गाठायला त्या क्यूबनं ५६२.५ किलोन्यूटन भार घ्यायला हवा. हे गणित तोंडपाठ असू दे. मग तुला दिसेल की एकाच गाडीतल्या मालाचे तीन क्यूबसुद्धा सारखे फुटत नाहीत. एक २६.८ येतो, दुसरा ३०.१, तिसरा २८.४. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातच लिहिलंय की तिघांच्या सरासरीपासून १५ टक्के इकडेतिकडे चालतं. काँक्रीटचा स्वभावच तसा. म्हणून पानभर २८.१, २८.२, २८.१ असे आकडे दिसले की मला कळतं, हे प्रेसवर फुटलेले क्यूब नाहीत, खुर्चीत बसून लिहिलेले आहेत. कोणाला कळणार नाही असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. पाहून लिहिणाऱ्याला न पाहता लिहिलेलं लगेच ओळखू येतं.

तू म्हणशील, एवढ्याशा इंटर्नच्या वहीला कोण विचारतो. तुला क्वेबेकच्या पुलाचं सांगते. १९०७ साली कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर तो बांधत होते. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये, आणि साइटवर त्याच्या वतीनं नॉर्मन मॅक्लुअर नावाचा तरुण, नुकताच शिकून आलेला. दाबाखालच्या पोलादी भागांना बाक येतोय हे त्याच्या लक्षात आलं. ऑगस्टच्या अखेरीला एका भागाचा बाक आठवडाभरात पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला. काम करणाऱ्या कंपनीची माणसं म्हणत होती, हे आधीपासूनच वाकडे होते. मॅक्लुअर अडून बसला, कारण आधी किती होतं हे त्यानं मोजलेलं होतं. तो आकडे घेऊन स्वतः न्यूयॉर्कला गेला. कूपरनं ते पाहून, पुलावर आणखी वजन चढवू नका, अशी तार कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या कचेरीला केली. साइटवर काम थांबलं नाही. २९ ऑगस्टला पूल कोसळला, ७५ कामगार गेले.

मग त्याच्या लिहिण्याचा काय उपयोग झाला, असं विचारू नकोस. निरोप वाटेत राहिला, तो दोष दुसऱ्यांचा. पण त्या सगळ्या प्रकरणात कोणाला तार करावीशी वाटली, ती त्या पोराच्या आकड्यांमुळे. त्यानं तिथे "अंदाजे पाऊण इंच" असं दर आठवड्याला उतरवून काढलं असतं, तर तारही झाली नसती.

माझं म्हणशील तर मी कामाला लागले तेव्हा साइटवर मुली नसायच्या. मला टेबल दिलं. "अक्षर छान आहे, तुम्ही रजिस्टर सांभाळा." मिस्त्री खालून आकडे सांगणार, मी लिहिणार. मी सांगितलं, वर जाऊन बघेन आणि मगच लिहीन. साडी सोडून सलवार-कमीज घालायला लागले आणि शिडी चढले. त्यावरही लोक बोलले. पण त्या शिडीवरच मी शिकले. सळया वाकवणारा बारबेंडर काय करतो, कव्हर ब्लॉक कुठे निसटतो, कॉलमला ४० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ड्रॉइंगवर किती सोपं दिसतं आणि चार सळया एकत्र आल्यावर ते कसं नाहीसं होतं, हे खाली बसून कळलं नसतं.

पुढे एका मोठ्या कामावर मी पोअर कार्डावर, म्हणजे काँक्रीट भरायच्या परवानगीच्या कागदावर, सही केली नाही. बीमच्या टोकांना, बीम जितका खोल त्याच्या दुप्पट अंतरापर्यंत, सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ हव्या होत्या; त्या मधल्या भागाइतक्याच लांब बांधल्या होत्या. पंप उभा, गाड्या रांगेत, सगळे माझ्याकडे बघतायत. मी साइट ऑर्डर बुकात अंतर मोजून, तारीख घालून लिहिलं आणि बाजूला झाले. त्यांनी दुसऱ्याची सही घेऊन स्लॅब भरला. माझी बदली बिलिंगला झाली.

ती इमारत आजही उभी आहे. मला हे आवर्जून ऐकवणारे लोक आहेत: "काय झालं मग? पडली का?" अरे, त्या रिंगा रोजच्या दिवसासाठी नसतातच, भूकंपासाठी असतात. भूकंप आलेला नाही, एवढंच सिद्ध झालंय. मी अडेलतट्टू आहे असं म्हणतात, म्हणू देत. मला माझ्या पदाचं वाईट वाटत नाही. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, की बिलिंगच्या खोलीत वर्षं गेली आणि परत साइटवर आले तेव्हा ज्यांच्याकडून शिकायचं ते जुने मिस्त्री पांगले होते. ते नुकसान भरून निघालं नाही. तरी ती सही मी आजही करणार नाही.

तू लिहिलंयस की दिवसभर नुसता उभा असतो, त्यापेक्षा सॉफ्टवेअरचा कोर्स लावला असता. नुसता कशाला उभा राहतोस? गाडी आली की चलनावरची बॅचिंगची, म्हणजे माल कालवल्याची, वेळ बघ. तुझ्या घड्याळातली वेळ लिही. कोणी पाणी टाकलं का बघ. व्हायब्रेटरची सुई किती वेळ एका जागी ठेवतात ते बघ. शटरिंग उघडल्यावर हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमध्ये राहिलेली पोकळ भोकं, दिसला की तिथे त्या दिवशी काय झालं होतं ते वहीत शोध. सापडेल, पण तूच पाहून लिहिलेलं असेल तर.

आता उद्याचं. सरांशी भांडू नकोस. ते वाईट माणूस आहेत असं मला वाटत नाही; त्यांच्यावरही कोणीतरी आहे ज्याला सोमवारी पूर्ण रजिस्टर हवंय. शांतपणे सांग: "सर, मी गुरुवारी नव्हतो. गाडी नंबर, वेळ, घनमीटर चलनावरून उतरवतो आणि शेऱ्यात 'चलनावरून' लिहितो. स्लंप रिकामा ठेवतो. पुढच्या पोअरला पहिल्या गाडीपासून मी शंकू घेऊन उभा राहतो." बहुतेक जण यावर हो म्हणतात, कारण त्यांचं पुढचं काम वाचतं. नाही म्हणाले तर कॉलेजच्या इंटर्नशिप गाइडना त्याच दिवशी कळव, तोंडी नको, लिहून. सर्टिफिकेट अडवलं तर मी त्यांच्याशी बोलेन, ती जबाबदारी माझी.

आणि एक वही घे, सुटे कागद नकोत. रोज साइट सोडण्याआधी लिही, घरी जाऊन नको. रात्री आठवून लिहिलेल्यात अर्धं आपण मनानं घालतो. पुढचा पोअर बुधवारी आहे म्हणालास. गुरुवारी रात्री फोन कर, वही समोर ठेवून. पहिल्या तीन गाड्यांचे आकडे मी विचारणार आहे.

तुझी,
मॅडम